कावळा, फांदी आणि तिसरा सिलिंडर

गाडी सर्व्हिसिंगला दिली, संध्याकाळी धुऊनपुसून परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रजच्या चढाला तिने अंग झटकायला सुरुवात केली. बोगद्याकडे चढताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आचके द्यायचं. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तीन-चार वेळा लुकलुकला. बोगदा ओलांडून उतार लागला तसं सगळं शांत झालं. दिवा मात्र तसाच पेटलेला राहिला.

चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिस होती. बिलावर ओळी होत्या : इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, चार स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजिन वॉशिंग. आदल्या दिवशी सकाळपर्यंत गाडी ठणठणीत होती. म्हणजे घोळ त्यांनीच घातला, असा निकाल मी शिरवळ येईपर्यंत देऊन मोकळा झालो होतो.

खंबाटकीच्या पायथ्याशी एका गॅरेजात थांबलो. मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, ‘‘काल हिला कुठं कुठं हात लावला?’’ मी बिल पुढे केलं. डॉक्टरने केसपेपर वाचावा तसं त्यांनी ते सावकाश वाचलं. माझी तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘कावळा बसला न् फांदी मोडली, असंबी असतंय साहेब. पण कावळा कुठल्या फांदीवर बसला हुता, ते आधी बघू.’’

देखभालीनंतर उद्भवलेल्या बिघाडाची तपासणी कशी करावी, याचं याहून नेमकं सूत्र मी ऐकलेलं नाही. शोध सुरू करायचा तो शेवटचा हात जिथे लागला तिथून. पण हात लागला म्हणजे गुन्हा शाबित झाला, असं मात्र धरायचं नाही.

ठोका चुकतो म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा आणि पेट्रोल यांचं योग्य मिश्रण, ते दाबून धरणारा सिलिंडर आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गाडी सिग्नलला उभी असताना, ८०० आरपीएमला, एकेक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो आणि चारही मिळून १,६०० वेळा. महामार्गावर २,५०० आरपीएमला हाच आकडा ५,००० होतो. या हजारो ठोक्यांतला एखादा पेटलाच नाही किंवा अर्धवट पेटला, की तो मिसफायर. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग करते’.

एकच सिलिंडर सतत चुकत असेल तर उभ्या गाडीत सेकंदाला सहा-सात हिसके बसतात. ते स्टिअरिंगमधून हाताला आणि सीटमधून पाठीला कळतात. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर एका लयीत येणाऱ्या हवेत ठरावीक अंतराने खंड पडलेला जाणवतो. तीन सिलिंडरच्या गाडीत हे जास्तच बोचतं, कारण तिथे एक सिलिंडर रुसला की तिसरा हिस्सा ताकद जाते. १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००पासून आजच्या कितीतरी छोट्या गाड्यांपर्यंत हा तीन सिलिंडरचा संसार आपल्या रस्त्यांवर आहे.

इथेच एक गल्लत टाळायला हवी. आरपीएमचा काटा संथपणे वर-खाली झुलत असेल, पण इंजिन गुळगुळीत चालत असेल, तर ते मिसफायर नव्हे. ती हवेच्या हिशेबातली चूक असते आणि तिचं मूळ बहुधा वेगळ्या ठिकाणी सापडतं.

गाडीच्या संगणकाला कसं कळतं?

सिलिंडरमध्ये डोकावून बघणारा डोळा बहुतेक गाड्यांत नसतो. संगणक फक्त क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर नजर ठेवतो. क्रँकला जोडलेल्या एका दातेरी चाकासमोर सेन्सर असतो. अनेक गाड्यांत या चाकावर ६० दात्यांची जागा आणि त्यातले दोन दाते मुद्दाम वगळलेले असतात. तो रिकामा कोपरा म्हणजे मोजणीची खूण. सिलिंडर पेटला की क्रँकला ढकल मिळते आणि दाते क्षणभर लवकर सरकतात. ढकल मिळाली नाही की ते किंचित रेंगाळतात. कोणाची पाळी असताना ते रेंगाळले, हे संगणकाला ठाऊक असतं; तो त्या सिलिंडरच्या नावावर चूक मांडतो.

या युक्तीची एक गंमत आहे. खड्ड्यांमुळे चाकांना बसणारे हिसके उलट मार्गाने क्रँकपर्यंत पोचतात आणि मिसफायरसारखेच दिसतात. म्हणून काही गाड्यांचा संगणक एबीएसच्या सेन्सरकडून रस्ता खडबडीत आहे का, हे विचारून घेतो आणि तसं असेल तर मोजणी थांबवतो. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर ही चैन म्हणता येणार नाही.

स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी०३०० म्हणजे वेगवेगळे सिलिंडर चुकताहेत. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ म्हणजे अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा. माझ्या गाडीत पी०३०३ निघाला. मी लगेच म्हणालो, ‘‘म्हणजे तीन नंबरची कॉइल गेली?’’ मिस्त्री हसले. कोड घराचा पत्ता सांगतो, चोराचं नाव नाही. तिसरा सिलिंडर पेटत नाही एवढंच तो म्हणतो. ठिणगी नाही, पेट्रोल नाही की दाब नाही, ते आपण शोधायचं. पत्ताही नीट वाचावा लागतो. बहुतेक इंजिनांत सिलिंडर पट्ट्याच्या बाजूने मोजतात, तर काही फ्रेंच बनावटीच्या इंजिनांत गिअरबॉक्सच्या बाजूने.

पिवळा दिवा नुसता पेटून राहिला तर तपासणी लवकर करावी. तो लुकलुकत असेल तर मात्र पाय हलका करून, सोयीची जागा बघून गाडी थांबवावी. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असलेली ती पोळ्यासारखी जाळी हजार अंशांपुढे तापली की वितळू लागते, आणि काहीशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा भाग गमवावा लागतो. कात्रजला दिवा लुकलुकल्यावरही मी पुढे निघालो, ही चूक माझी.

बिलाची एकेक ओळ

सर्व्हिसचं बिल हीच संशयितांची यादी. ती वाचायची कशी, हे त्या दिवशी शिकलो.

सर्वांत वर येतात प्लग. प्लग बदलायचे तर आधी कॉइल किंवा वायर काढावी लागते. कॉइलचे कपलर वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेले असतात आणि त्यांचं प्लॅस्टिकचं कुलूप काढताना मोडतं. मग कपलर वरून बसल्यासारखा दिसतो, पण ‘टक्’ असा आवाज झालेला नसतो. उभ्या गाडीत तो चिकटून राहतो आणि हिसका बसला की सुटतो. जुन्या घडणीच्या गाड्यांत वायरींची अदलाबदल हाही नेहमीचा घोटाळा. चार सिलिंडरच्या इंजिनात पेटण्याचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. दोन वायरी इकडच्या तिकडे झाल्या की गाडी एकतर सुरूच होत नाही किंवा फटाके फोडते.

खुद्द प्लगही निर्दोष असेलच असं नाही. नवा प्लग हातातून पडला तर टोकाची फट मिटते. ही फट गाडीगणिक साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. पाना तिरका लागला तर पांढरा चिनी मातीसारखा भाग केसाएवढा तडकतो. प्लग सैल राहिला तर दाब निसटतोच, शिवाय प्लगची उष्णता आटे आणि बैठकीतून इंजिनात उतरते ती वाटही तुटते. फार आवळला तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. म्हणून टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाला आवळायचा. ‘हाताच्या अंदाजाने’ हे शब्द गॅरेजात ऐकले की मी आता जरा पुढे होऊन बघतो.

दुसरी ओळ एअर फिल्टर. फिल्टरच्या डब्यानंतर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे सेन्सरच्या पुढच्या रबरी पाइपाची क्लिप ढिली राहिली तर न मोजलेली हवा आत घुसते. संगणक मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल देतो, मिश्रण फिकं पडतं आणि ठोके चुकू लागतात. ऑइलचं झाकण अर्धवट लागलं किंवा ऑइल मोजायची पट्टी पूर्ण खाली बसली नाही, तरी काही इंजिनांत हाच प्रकार होतो, कारण इंजिनातली वाफ खेचून घेणारी नळी तिथूनही हवा ओढते.

थ्रॉटल बॉडीची सफाई केल्यावर बऱ्याचदा आरपीएम अस्थिर होतो. काजळी साचत गेली तसा संगणकही झडप किती उघडायची ते जुळवून घेत आलेला असतो. काजळी एकदम गेली की त्याचा जुना हिशेब चुकतो. स्कॅनरने किंवा कंपनीच्या पद्धतीने त्याला नव्याने शिकवावं लागतं. बॅटरी काढून लावल्यावरही असंच होऊ शकतं. यात बिघाड काहीच नसतो, पण ग्राहक घाबरतो आणि मग नसते भाग बदलले जातात.

ऑइल खुणेच्या वर भरलं तर ते फेसाळतं, नळीवाटे हवेच्या मार्गात जातं आणि धूर सुरू होतो. क्वचित प्लगही माखतात. इंजिन वॉशिंगचं पाणी प्लगच्या खोल विहिरीत साचून राहिलं तर ठिणगी टोकाकडे जाण्याऐवजी ओल्या भिंतीवरून निसटते. अशी गाडी गरम झाल्यावर सुधारते आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी पुन्हा कुरकुरते. पेट्रोल फिल्टर बदलला असेल तर नळीत हवा अडकते. सेल्फ मारण्याआधी दोन-तीनदा चावी नुसती ऑन करून पंप चालू दिला की ती निघून जाते.

सापडला तोच चोर नव्हे

मिस्त्रींनी आधी काहीही न उघडता हात फिरवला. चारही कपलर दाबून पाहिले, पाइपांच्या क्लिपा ओढून पाहिल्या, ऑइलचं झाकण फिरवून पाहिलं. एअर फिल्टरच्या डब्याची मागची क्लिप उघडीच होती. मी विजयी मुद्रेने पाहिलं. त्यांनी क्लिप लावली, कोडचा फोटो काढला, कोड पुसला आणि म्हणाले, ‘‘चला, घाटात जाऊन येऊ.’’

पहिल्याच वळणाला गाडीने पुन्हा आचका दिला. पुन्हा पी०३०३.

उघडी क्लिप ही चूक खरीच. त्या फटीतून फिल्टरला वळसा घालून धूळ इंजिनात गेली असती आणि कालांतराने नुकसान झालं असतं. पण आचक्यांशी तिचा संबंध नव्हता. ती तिसऱ्याच नव्हे, चारही सिलिंडरांची सामाईक वाट. सापडलेला दोष आणि शोधत असलेला दोष एकच आहे, हे पुन्हा चढावर नेल्याशिवाय ठरत नाही. घाटात गेलो नसतो तर मी समाधानाने पैसे दिले असते आणि साताऱ्याच्या अलीकडे पुन्हा रस्त्याच्या कडेला उभा राहिलो असतो.

मग त्यांनी तीन नंबरची कॉइल एक नंबरला लावली आणि एकची तीनला. बाकी कशालाही हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पुन्हा चढ. कोड पी०३०१ झाला असता तर दोष कॉइलबरोबर सरकला आणि कॉइल दोषी, असं ठरलं असतं. तो पी०३०३च राहिला. कॉइल सुटली.

आता प्लग बाहेर आला. पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ, वरच्या टोकापासून लोखंडी कड्यापर्यंत. तडा होता, आणि ठिणगीने त्याच वाटेने ये-जा करून तो काळा केला होता.

चढावरच का, तर त्यातही शिस्त आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल २० ते ४० हजार व्होल्ट करते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो आणि दाट हवेतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. तेव्हा तिला फटीतल्या उडीपेक्षा तड्याची पळवाट सोपी वाटते. उतारावर दाब कमी, उडी सोपी, म्हणून सगळं शांत. वर्कशॉपच्या सपाट अंगणात ही गाडी तासभर चालू ठेवली असती तरी दोष दिसला नसता.

सीएनजीच्या गाड्यांत हीच गोष्ट आधी उघडी पडते. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे थकलेला प्लग किंवा कॉइल गॅसवर मिसिंग करते आणि पेट्रोलवर गप्प बसते. अशा गाडीच्या मालकाला तपासणीचं आयतं बटण मिळालेलं आहे. दोन्ही इंधनांवर सारखाच त्रास असेल तर दोष बहुधा सामाईक भागात. फक्त गॅसवर असेल तर आधी ठिणगीची ताकद बघायची आणि मग गॅसचे फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर.

कावळा निर्दोष असेल तर

कधीकधी बिलातल्या सगळ्या ओळी तपासून होतात आणि हाती काही लागत नाही. कॉइल आपल्या वयाने जाते; सर्व्हिसच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नये असा नियम नाही. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात पाणी मर्यादेबाहेर शिरलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंप नेमका तिथूनच ओढतो. तेव्हा एक नव्हे, सगळेच सिलिंडर अडखळतात. म्हणून सर्व्हिसच्या बिलाबरोबर पेट्रोलची पावती कधीची आहे, तेही आठवावं.

स्कॅनर इथे आणखी एक मदत करतो. संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जादा पेट्रोल देतोय, तो आकडा त्यात दिसतो. उभ्या गाडीत तो बराच वर असेल आणि २,५०० आरपीएमला सुधारत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा येतेय. दोन्हीकडे वरच असेल, तर पेट्रोलच पुरेसं पोचत नाही. मात्र मिसफायर चालू असताना या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. न पेटलेल्या सिलिंडरमधला प्राणवायू तसाच बाहेर येतो आणि ऑक्सिजन सेन्सर फसून ‘पेट्रोल कमी पडतंय’ असं सांगतो.

शेवटी उरतो दाब. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजायचे. बऱ्याच निरोगी पेट्रोल इंजिनांत दीडशे ते दोनशे पीएसआयच्या आसपास आकडा येतो, पण खरी कसोटी सारखेपणाची. एखादा बाकीच्यांपेक्षा फारच मागे पडला तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅसकेटकडे संशय जातो. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक झिजून व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होण्याचा प्रकार घडतो. हा दोष काल-परवाचा नसतो. तो महिनोन्‌महिने वाढत येतो आणि बिचारं सर्व्हिस सेंटर फुकट बदनाम होतं.

मुंबईत २०२३पर्यंत धावलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या चालकांना यातलं बरंचसं स्कॅनरशिवाय कळायचं. इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक उपसायच्या. वायर काढल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर तोच बंद. आजच्या गाडीत हजारो व्होल्टच्या वाटेला तसा हात घालणं धोक्याचं. स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करून हीच परीक्षा घेता येते. साधन बदललं तरी जुना चालक आणि नवा मिस्त्री विचार एकच करतात.

नवा प्लग बसला, गाडी एका दमात घाट चढली. मी विचारलं, ‘‘मग चूक सर्व्हिसवाल्यांचीच ना?’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘प्लग तडकलाय एवढं खरं. खोक्यातच तडकला हुता का पान्यानं, ते प्लग सांगत न्हाई.’’ क्लिप उघडी राहिली, हे मात्र त्यांनीही नाकारलं नाही.

तेव्हा सर्व्हिसनंतर गाडी बिघडली तर भांडायला जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा : काय काय बदललं, त्रास कधी होतो आणि कधी होत नाही. तो कागद मिस्त्रीच्या हाती द्या. जुने भाग परत मागून घ्या. कोणी न तपासता एकामागून एक भाग बदलू लागला तर त्याला थांबवा. आणि गाडी ताब्यात घेताना अंगणात इंजिन चालू करून समाधान मानू नका. जवळचा एखादा चढ शोधा, तिथवर नेऊन आणा आणि मगच पैसे द्या.